आधी थेंब, मग सुई

गल्लीतली पोरं तिला पाहिलं की आईच्या मागे दडत. ‘टोचणारी आजी’ हे नाव त्यांनीच ठेवलेलं. उभा जन्म दवाखान्यात लसी टोचण्यात गेल्यावर दुसरं काय पदरात पडणार? ती ते हसण्यावारी न्यायची. पण दीड महिन्यापूर्वी नात झाली आणि ते नाव तिला बोचायला लागलं. जगातली सगळी पोरं घाबरोत, ही एक नको, एवढंच तिचं मागणं होतं.

म्हणून नातीच्या लसीच्या दिवशी तिने बेत आखला. सुया बरोबरची सिस्टर टोचेल, आपण फक्त तोंडात पोलिओचे गोड थेंब घालायचे. सुनेने तो बेत एका दमात उधळला.

“आई, टोचायचं तर तुम्हीच. दुसऱ्या कुणाच्या हातात मी तिला द्यायची नाही.”

झालं! नाही म्हणायची सोयच उरली नाही.

दवाखान्यात नव्याने लागलेल्या मुलींकडून ती रोज घोकून घ्यायची, आधी थेंब, मग सुई. रडणारं पोर गिळत नाही, थुंकतं. आज मात्र तिची स्वतःचीच मती गुंग झाली. दंडाची लस कातडीतच द्यायची, अगदी वरवर. तिथे मसुराएवढा फुगवटा आला तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. मांडीची सुई सरळ आत, स्नायूत. दोन्ही झोकात झाल्या. आणि थेंबांची कुपी ट्रेमध्ये तशीच!

नातीने दवाखाना डोक्यावर घेतला.

“ताई, थेंब राहिले की!” सिस्टरला हसू आवरेना. “दिव्याखाली अंधार!”

आता थांबणं आलं. सुनेने बाळाला पाजलं, थोपटलं. हुंदके ओसरले तसे आजीने हलकेच गाल दाबून थेंब सोडले. नातीने ओठ चाटले, जरा विचार केल्यासारखं केलं आणि आणखी हवं म्हणून तोंड उघडलं. आजीचं बोट तिने मुठीत गच्च धरलं.

“मुद्दाम शेवटी ठेवलेत ना?” सून म्हणाली. “जाताना तोंड गोड व्हावं म्हणून?”

“छे गं, विसरले. घाबरले होते मी.” आनंदाने तिचे डोळे भरून आले होते.

“मग पुढच्या वेळीही असंच विसरा.”

दारातून सिस्टरने पुढच्या बाळाला आत घेतलं. आजी उठेना. बोट अजून मुठीतच होतं.

“तूच टोच गं बाई त्याला,” ती म्हणाली. “पण थेंब आधी हं!”