न फुगलेली पुडिंगं

त्या शनिवारी शारजाहून दुबईतल्या ऊद मेथाला जाताना मी अख्खा रस्ता मुग्धाच्या नावाने बोटं मोडत होते. मुग्धा म्हणजे माझी धाकटी जाऊ. नाताळ दोन दिवसांपूर्वी झालेला आणि तिच्याकडे आम्हाला ‘ख्रिसमस लंच’. ट्रॅफिक नेहमीसारखा तुंबलेला. शेजारी उपेंद्र, माझा नवरा, डोळे मिटून बसला होता. आदल्या दिवशी त्याचं डायलिसिस झालं होतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या अंगात माझ्याशी वाद घालायचंही त्राण नसतं.

उपेंद्रच्या दोन्ही किडन्या गेल्यात. माझी जुळली नाही. जुळली असती तर मी कुणाच्या दारात गेले नसते. जुळली ती त्याच्या धाकट्या भावाची, गुणवंतची, मुग्धाच्या नवऱ्याची. जुलैत सगळ्यांसमोर, पुण्याहून सासूबाई व्हिडिओवर असताना, भावजींनी जाहीर केलं की दादा, एक किडनी तुझी. रडारड झाली, मिठ्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, छान, पण आधी आठ किलो उतरवा, मग तारीख देतो.

मग गणपतीत मोदक झाले. दिवाळीत करंज्या झाल्या. प्रत्येक वेळी भावजी हसून म्हणायचे, वहिनी, सणाचे दिवस आहेत, डाएट सोमवारपासून, इन्शाल्ला. आता आठाचे अकरा झालेत. सासूबाईंचं मत होतं की मुग्धाच त्याला खाऊ घालते, बायकोला नवऱ्याची किडनी जायला नकोय. मीही तेच म्हणत होते, आणि चारचौघांत म्हणत होते.

आता हा नवा थाट. भावजी लग्नानंतर तीन वर्षं इंग्लंडमध्ये लीड्सला नोकरीला होते. तिथल्या घरमालकिणीकडून मुग्धा यॉर्कशायर पुडिंग शिकून आली. नाव पुडिंग, पण गोड काही नाही. अंडी, मैदा, दुधाचं पातळ पीठ, धूर निघेपर्यंत तापवलेल्या चरबीत ओतायचं, की ओव्हनमध्ये फुगून वाट्या होतात. वाटीत रश्शासारखी ग्रेव्ही ओतून खायचं. तिकडे बीफची चरबी लागते, आमची मुग्धा साजूक तूप घालते. साच्याच्या प्रत्येक खळग्यात चमचाभर. ज्या माणसाने दुधी उकडून खायचा, त्याच्यासाठी हे.

पोचल्यावर मी पर्समधून उपेंद्रचा छोटा स्टीलचा पेला काढून टेबलावर ठेवला. त्याचं पाणी मोजून असतं. जेवणात तेवढा एक पेला, बस. भावजी सोफ्यावर बसून काजू खात होते. शर्टाची बटणं ताणलेली. दादाला म्हणाले, फ्रेश दिसतोस. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी स्वयंपाकघरात गेले. मुग्धा टेबल मांडायला बाहेर गेलेली, आणि तिची लेक काव्या ओव्हनसमोर स्टुलावर बसून राखण करत होती. मी जवळ जाताच म्हणाली, “काकू, डोन्ट ओपन इट. मम्मा सेज दे विल फॉल.” काचेतून दिसत होतं, पुडिंगं नुकती वर यायला लागली होती.

“जा, बाबांना विचार, कोक आहे का,” मी म्हटलं.

ती गेली आणि मी ओव्हनचं दार उघडलं. सताड. तोंडावर गरम वाफ आली तरी उभी राहिले. पुडिंगं एकेक करून खाली बसली. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. खा म्हटलं आता, कसे खाता ते बघते.

टेबलावर कोंबडी आली, बटाटे आले, आणि शेवटी ती थाळी. चपटी, चिवट, मधे कच्ची. मुग्धाने थाळी ठेवली आणि फक्त माझ्याकडे पाहिलं. उपेंद्रने अर्धं घेतलं, एक तुकडा खाऊन बाजूला सारलं. मी चावून पाहिलं तर रबर. काव्या “यक्” म्हणाली.

भावजींनी एक घेतलं. मग दुसरं. मग हात लांब करून आणखी दोन.

कुणी आग्रह केला नव्हता. मुग्धाने तर थाळी स्वतःकडे ओढून घेतली होती. आवडीने खाणारा माणूस मी ओळखते, आयुष्य गेलं वाढण्यात. हा माणूस खाली मान घालून, औषधाच्या गोळ्या गिळाव्यात तसा गिळत होता. माझा घास तोंडातच राहिला.

मी उठले. मुग्धा माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आली आणि तिने दार लोटलं.

“ताई, ओव्हन तुम्ही उघडलात ना?” ती म्हणाली. “काही उपयोग नाही. तो कच्चं पीठसुद्धा पिईल.”

मी विचारलं, कधीपासून. म्हणाली, पहिल्या दिवसापासून. ऑपरेशनच्या भीतीने रात्र रात्र जागतो. मी डबा देते, तो ऑफिसखाली शावर्मा खातो. विचारलं तर म्हणतो, वजनच उतरत नाही, मी काय करू.

“मग तू बोलली का नाहीस?” मी म्हटलं. “आम्ही सहा महिने थांबलोय. दुसरा कोणी शोधला असता.”

“मी बोलले असते तर तुम्ही ऐकलं असतं?” तिचा आवाज थंड होता. “तुम्हाला शिव्या द्यायला मी हवी होते. घ्या, दिल्यात. आता बाहेर जाऊन त्याला द्या.”

तिच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि ती खरं बोलतेय म्हणून आणखीच वाटली.

मी बाहेर आले. थाळीत उरलेली सगळी पुडिंगं उचलली आणि भावजींच्या ताटात वाढली. वरून ग्रेव्ही ओतली, ताटाबाहेर सांडेपर्यंत.

“नको वहिनी,” ते म्हणाले. “बास. खरंच नको.”

“येतं की तुला नको म्हणायला,” मी म्हटलं. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी अरेतुरे केलं नव्हतं. “आता हेच दादाकडे बघून म्हण.”

उपेंद्र भावाकडे बघत होता. रागावलेला वाटत नव्हता, नुसता वाट बघत होता. गुणवंतने मान वर केली, ओठ हलवले. मला वाटलं, म्हणतोय. एका शब्दाचं काम होतं. आम्ही उठून गेलो असतो आणि उद्यापासून दुसरी दारं ठोठावली असती.

त्याने ताटातलं एक पुडिंग उचललं आणि अख्खं तोंडात कोंबलं.

चावता येईना. डोळ्यांत पाणी आलं, ठसका लागला. मुग्धा स्वयंपाकघराच्या दारातून हलली नाही.

“सावकाश,” उपेंद्र म्हणाला. “घशात अडकेल.” आणि त्याने स्वतःचा पेला, ज्यातलं निम्मं पाणी त्याने जेवण संपल्यावर प्यायला राखून ठेवलं होतं, भावाकडे सरकवला.

गुणवंतने हात पुढे केला. मी त्याच्या आधी पेला उचलला आणि उपेंद्रसमोर परत ठेवला.

“हे तुझं आहे,” मी म्हटलं. “त्याला हवं तर तो उठून घेईल.”