सव्वाचारचा फोन

अख्ख्या बाजाराची कुलपं दुरुस्त करणाऱ्या कुलूपवाल्याच्या स्वतःच्या संघाचं दार मात्र कायम उघडं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

संघ कॉम्प्युटरवरचा. परगावी नोकरीला जाताना मुलाने हा फुटबॉलचा खेळ बसवून दिला होता. यात खेळाडू पळवायचे नसतात, नुसते सांभाळायचे. कोणी पुढे जायचं, कोणी घर राखायचं, एवढं ठरवून बघत बसायचं. एक संघ बापाचा, एक लेकाचा. रविवारी दुपारी चारला गाठ, आणि सव्वाचारला मुलाचा फोन.

"बाबा, डावीकडून तीन गोल! कुलूपवाले ना तुम्ही?"

"अरे, तो लेफ्ट बॅक माझं ऐकतच नाही."

"माझ्यावर गेलाय मग!"

पुढे अर्धा तास पाठदुखी, मुलाचा खडूस साहेब, जेवलात का, सगळं येऊन जाई. बायको गेल्यापासून कुलूपवाल्याचं आठवड्याचं बोलणं म्हणजे तेवढंच.

पण बिघडलेली वस्तू तशीच ठेवणं त्याच्या रक्तात नव्हतं. एका आठवड्यात त्याने जुने गोल पुन्हापुन्हा पाहिले. लेफ्ट बॅक, म्हणजे डावी बाजू राखणारा, हल्ल्याला धावायचा, मागे मैदान मोकळं. ते झाकायला मधला बचावपटू सरकायचा, की मधेही भगदाड. कुलपासारखंच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि फिरवून बघायची. आधी लेफ्ट बॅकला अर्ध्या मैदानापलीकडे जायला बंदी केली. मग एक खेळाडू बचावासमोर कायमचा उभा केला. शेवटी सगळी फळी दहा पावलं मागे घेतली.

त्या रविवारी तो एक-शून्य जिंकला. टोमणा तयार ठेवून फोन हातात घेऊन बसला. सव्वाचार झाले, पाच झाले. फोन आला नाही.

पोरगं रुसलं, त्याला वाटलं. पुढचे दोन रविवार पुन्हा जिंकला, पुन्हा फोन नाही. घर खायला उठलं.

"आग लागो त्या डिफेन्सला," तो स्वतःशीच म्हणाला आणि डावी बाजू सताड उघडी करून टाकली. चौथ्या रविवारी हरायचंच ठरवून बसला. पण समोरचा संघ त्या बाजूला फिरकलाच नाही. लेकाची तर सगळी धाव तिकडूनच असायची. तेव्हा कुठे त्याने चष्मा लावून निकालाखालचा बारीक मजकूर वाचला. प्रतिस्पर्धी प्रशिक्षक गैरहजर, गेले चार सामने संघ कॉम्प्युटरने चालवला.

म्हणजे महिनाभर तो कोणाशीच खेळत नव्हता. त्याने स्वतःच फोन लावला.

"बाबा? बरे आहात ना?"

"मला काय धाड भरलीये! सहज केला."

"अहो, तो खेळ मी महिनाभर उघडलाच नाही. वेळच होत नाही. तुम्ही खेळताय अजून?"

"छे! मी कधीच सोडला."

"बरं झालं. मला वाटायचं, तुम्ही वाट बघत असाल."

"वाट कसली बघतोय," कुलूपवाला म्हणाला. दोन मिनिटांत फोन संपला.

समोर पुढच्या रविवारचा संघ मांडलेला होता. डावी बाजू आता खुशाल बंद करता आली असती. त्याने ती तशीच उघडी ठेवली. न जाणो, आलंच पोरगं एखाद्या रविवारी.