तिसरी रांग

सुशील राहायचा जव्हारात, पण खोडाळ्याच्या बाजारात कोणाचं इंटरनेट किती पळायचं ते त्याच्या हातात होतं. मोठेपणा म्हणाल तर एवढाच. एक बारीकशी लाइन, तिच्यावर बाजारातल्या शे-दीडशे फोनांचा भार, आणि बाजाराच्या दिवशी मोबाइलची रेंज असून नसल्यासारखी. ओरड व्हायची ती सुशीलच्या नावानं. शेवटी वैतागून त्यानं फायरवॉलमध्ये नियम लिहिले. फायरवॉल म्हणजे दारावरचा राखणदार समजा. आतबाहेर जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पाकिटावर तो आकड्याची खूण मारतो आणि खूण बघून पाकीट रांगेत लागतं. दुकानांचे व्यवहार, सरकारी फॉर्म पहिल्या रांगेत. साधे निरोप दुसऱ्या. व्हिडिओ आणि ज्याची काही ओळखच नाही ते सगळं तिसऱ्या रांगेत, उरलंसुरलं खायला. व्हिडिओ बघणाऱ्यांना थांबायला काय धाड भरलीय, असं सुशीलचं म्हणणं. आणि खरं सांगायचं तर त्यात काही चुकीचं नव्हतं.

त्या बाजारी सकाळी नऊला तुळशीदासचा फोन आला. याचं खोडाळ्यात झेरॉक्सचं दुकान, लाइनचा डबाही तिथंच बसवलेला.

“सुशीलभाऊ, वरच्या पाड्यावरची गौरामावशी आलीय. तिचा जिवा परवा ठाण्यात इमारतीवरून पडला. आज अकराला ऑपरेशनला नेणार, आणि डॉक्टर काही भरवसा देत नाहीत. साडेदहाला त्याच्यासोबतचा गोकुळ व्हिडिओ लावून देतोय. मायलेकरांचं एकदा बोलणं होऊ द्या, बाबा.”

“मावशी गेली नाही ठाण्याला?”

“तिला कळलंच आज पहाटे. आता एसटी धरली तरी दुपार होणार.”

सुशीलला जिवा आठवला. लाइनचे खांब उभे करताना जिवानं दोन दिवस खड्डे खणले होते, हसत हसत.

“मावशी दर बाजारी तुझ्याकडूनच बोलते ना लेकाशी? मग तिचा फोन माझ्या यादीत आहे. त्याच्यावर पहिल्या रांगेची खूण मारतो. आज मंत्री जरी आला, तरी मावशीच्या मागं उभा राहील!”

दोन ओळींचा नियम. लिहिला, एकदा तपासला आणि गडी स्वतःवरच खूश झाला. चांगलं काम केलं की माणूस जरा फुगतोच.

साडेदहा वाजले. नियमापुढे आकडा असतो, खूण मारलेली पाकिटं किती गेली त्याचा. तो होता शून्य. नसेल लागला फोन अजून, सुशील मनाशी म्हणाला, इस्पितळातली माणसं, त्यांना कुठली आलीय वेळ. पावणेअकरा. शून्य. तुळशीदासला विचारावं का? नको, तेवढ्यात जिवाचा फोन यायचा आणि आपण मध्येच कडमडायचो. असं म्हणत शहाणा त्या शून्याकडे बघत बसला. अकराला चार मिनिटं उरली तेव्हा कुठं त्याला राहवेना.

“काय रे, फोन का नाही आला अजून?”

“म्हणजे? साडेदहालाच आलाय की! पण चित्र पार थिजलंय. आवाज येतो नि तुटतो. मी म्हटलं, तुम्ही आपली बाजू मोकळी केलीय, तर खोट त्या इस्पितळाकडं असणार.”

“अरे, मग इकडे शून्य कसं? मावशीच्याच फोनवर आहे ना?”

“तो फुटका? छे! मावशीची शेजारीण सुकी, तिनं लावूच दिला नाही. लेकाचं तोंड तडकलेल्या काचेतून बघतात का म्हणाली. स्वतःच्या सुनेचा नवाकोरा फोन दिलाय तिनं मावशीला.”

सुशील सुनेचा फोन शोधू लागला. कोणाला तोंड दाखवायला जायचं तर घरातलं फाटकं नेसून जायचं नाही, शेजारणीचं चांगलं लुगडं मागून न्यायचं, ही पाड्यावरची रीत. हा बाबा याच मातीत वाढलेला, लहानपणापासून बघत आलेला. आणि नियम लिहिताना धरून चालला की माणूस आपल्याच फोनवरून बोलतो!

सुनेचा फोन त्याला सापडला तिसऱ्या रांगेच्या शेपटाला. ठाण्याहून येणारं थोडंथोडं पोचत होतं. पण इकडून जाणारं, मावशीचं, जवळजवळ सगळंच गळून पडत होतं. घाईत आकडा एकदा चुकीचा पडला. पुन्हा लिहिला. अकरा वाजून तीन मिनिटं झाली होती.

“आलं! आलं, भाऊ!” तुळशीदास ओरडला.

“काय दिसतंय? अरे बोल ना!”

“खाट.” तुळशीदास म्हणाला. “चादरीच्या चुण्यासुद्धा दिसतात बघा आता. त्याला नेलं, भाऊ. आत्ताच नेलं.”

दुपारी तीनच्या सुमाराला जिवा ऑपरेशनच्या टेबलावरच गेला.

नंतरचा बाजार सुशीलनं टाळला. त्याच्या पुढच्या बाजाराला डब्याची वायर बदलायला जावंच लागलं, तर मावशी दुकानाच्या पायरीवर बसलेली. तो तिच्यापाशी उकिडवा बसला. काय बोलायचं ते वाटेत दहा वेळा ठरवलं होतं.

पण आधी मावशीच बोलली. “दादा, तुला यातलं कळतं, म्हनून इचारते. मी दिसले का रं त्याला?”

सगळा हिशेब त्याच्याकडे होता. मावशीचं किती निघालं, किती पोचलं, मिनिटामिनिटाचा. खरं सांगून तरी काय मिळणार होतं तिला?

“दिसलीस ना, मावशी. चांगली दिसलीस. तुझं बोलणंही ऐकलं त्यानं.”

मावशीनं मान हलवली. मग अगदी हळू आवाजात तिनं विचारलं,

“मंग तो सारखा ‘आये, कुठं हायेस? आये, बोल ना’ असं का म्हनत व्हता?”