काळ्या चिठ्ठीचा मान

चीनशी लढाई झाली, थांबलीही. पण तेल्हाऱ्याच्या अलीकडच्या त्या गावापर्यंत ती यायला शिमगा आठ दिवसांवर आला. ती आणली धर्मपालनं. धर्मपाल हा बुधाजीचा थोरला मुलगा. वय चोवीस, मॅट्रिक पास, आणि अमरावतीला दहा दिवस नागरी संरक्षणाचं शिक्षण घेऊन आलेला. बॉम्ब पडला, आग लागली किंवा पूर आला तर माणसं कशी वाचवायची हे त्याला शिकवलं होतं, आणि आता ते त्यानं गावाला शिकवायचं होतं. येताना त्यानं एक शिट्टी, एक पुस्तक, दोन बांबूंचं स्ट्रेचर आणि रंगीत चिठ्ठ्यांचं एक पाकीट आणलं.

पहिली शंका देवीदासनं काढली. देवीदास म्हणजे धर्मपालनं गावातून जमवलेल्या बारा स्वयंसेवकांतला सगळ्यात दांडगा.

"चीनले आपलं गाव मालूम आहे काय?"

"नसंल," धर्मपाल म्हणाला.

"मंग आपण शिट्ट्या मारून काहून सांगून राहिलो?"

धर्मपालनं पुस्तक चाळलं. त्यात जखमेवर पट्टी बांधण्याचे अठरा प्रकार होते, पण याचं उत्तर नव्हतं.

खरं तर त्यालाही नीटसं उमगलं नव्हतं. उमगलं होतं ते एवढंच, की अकोल्याच्या कचेरीतून भगवंतराव नावाचे निवृत्त सुभेदार प्रात्यक्षिक पाहायला येणार आहेत. त्यांनी 'समाधानकारक' असा शेरा मारला आणि कचेरीला तो पटला, की धर्मपालला अकोल्याला निदेशकाची कायम नोकरी. नाही पटला, की पुन्हा दुसऱ्याच्या वावरात मजुरीनं डवऱ्याच्या बैलांमागं. त्याच्या आईनं, जाईबाईनं, अकोल्याच्या जुन्या शहरातल्या बहिणीला एक खाट रिकामी ठेवायला कळवूनसुद्धा टाकलं होतं.

पोरं मात्र झपाट्यानं शिकली. प्रात्यक्षिकात गावातल्याच काही लोकांनी जखमी म्हणून पडायचं, आणि प्रत्येकाच्या छातीवर चिठ्ठी टाचायची. पांढरी म्हणजे किरकोळ, लाल म्हणजे गंभीर, काळी म्हणजे मेलेला. आधी लाल उचलायची, मग पांढरी, आणि काळी सगळ्यात शेवटी, कारण मेलेल्याला घाई नसते. धर्मपालनं हे पोरांकडून इतकं घोकून घेतलं, की देवीदास झोपेत "लाल, पांढरी, काळी" म्हणायला लागला आणि त्याच्या बायकोनं अंगारा आणला.

घोटाळा झाला तो जखमा वाटताना.

लाल चिठ्ठी एकच होती. ती साहजिकच सरपंच वामनरावांना गेली. पांढऱ्या पाच होत्या. त्यातली एक घेऊन धर्मपाल महादेवरावांच्या ओसरीपाशी गेला. महादेवराव म्हणजे साठ एकर काळ्या जमिनीचे धनी. कोणत्याही लग्नात पहिलं पान वामनरावांचं की यांचं, यावरून गावातली दोन लग्नं संध्याकाळपर्यंत खोळंबली होती.

महादेवरावांनी चिठ्ठी उलटीपालटी करून पाहिली. "हे काय होय?"

"किरकोळ जखम, पाटील. हाताले खरचटलं."

"अन् वामनले?"

"त्यायले गंभीर. दोन्ही पाय गेले."

महादेवरावांनी चिठ्ठी परत पुढं केली. "त्याचे दोन्ही पाय, अन् मले खरचटलं? आमच्या घराण्यात किरकोळ काई झालं नाही आजवर. लालच्या वर काय आहे?"

धर्मपालचा गोंधळ उडाला. लालच्या वर असं काही पुस्तकात नव्हतं. पण पाकिटात लालच्या वर काळी होती, हे खरं होतं. "काळी आहे," तो म्हणाला.

"मंग काळी दे."

"काळी म्हणजे मेलेला, पाटील."

"वामन मेला काय?"

"नाही, त्यायचे फक्त पाय."

"मंग वरचीच झाली ना ते."

यात चूक कुठं आहे ते धर्मपालला सांगता येईना. त्यानं यादीत महादेवरावांचं नाव मृतांत लिहिलं. तो निघाला, तेव्हा महादेवरावांनी मागून विचारलं, "अन् मले उचलणार कोण?"

"मी अन् देवीदास."

महादेवरावांनी धर्मपालकडे पाहिलं. बुधाजीच्या घरचं कोणी त्या ओसरीच्या पायरीपुढं कधी आलेलं नव्हतं, आताही धर्मपाल पायरीखालीच उभा होता. "जित्ता असतो तं इचार केला असता," ते म्हणाले. "मेल्यावर कोणी का उचलंना."

तालमी तीन झाल्या. तिन्हीत महादेवराव शाळेमागच्या पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांच्या, ढिगाला टेकून मेले, आणि तिन्हीत मधेच उठले. पहिल्यांदा त्यांना तंबाखू हवी होती. दुसऱ्यांदा मुंगी चावली म्हणाले, आणि उठून वामनरावांना किती लोकांनी उचललं ते मोजून आले. तिसऱ्यांदा तर ते पडल्यापडल्या म्हणाले, "वामनले चहा देऊन राहिले ना बे? मेलेल्यानं काय घोडं मारलं?" शेवटी धर्मपालनं हात जोडले. "पाटील, साहेबांपुढं असं नोका करू. मेलेला बोलत नाही. कसंही झालं तरी बोलत नाही. माया नोकरीचा सवाल आहे."

"शब्द दिला," महादेवराव म्हणाले.

भगवंतराव सकाळी दहाच्या मोटारीनं आले. मिशा पांढऱ्या, वही लाल, बोलणं कमी. धर्मपालनं यादी दिली, शिट्टी मारली. देवीदासच्या धाकट्या भावानं तेलाचा रिकामा डबा काठीनं बडवला, हा बॉम्ब. ठरलेले लोक ठरलेल्या जागी पडले. वामनराव स्वच्छ सतरंजीवर पडले आणि त्यांना उचलून शाळेत, म्हणजे दवाखान्यात, नेलं. भगवंतराव वहीत काहीतरी लिहीत मान हलवत होते. ही मान चांगल्या अर्थानं हलते आहे की वाईट, हे धर्मपालला कळत नव्हतं.

तेवढ्यात पऱ्हाट्यांकडून हलकेच आवाज आला. "धर्मपाल. इच्चू."

धर्मपाल ओठ न हलवता म्हणाला, "पाटील, साहेब पाहून राहिले."

"मी बी पाहून राहिलो. पाठीखालून गेला."

"मुंगी असंल मागच्यासारखी."

महादेवराव गप्प झाले. शब्द दिला होता. धर्मपालनं समाधानानं पुढं पाऊल टाकलं, पण त्याची नजर सहज मागं गेली. महादेवरावांच्या कपाळावरून घाम गळत होता. सदरा भिजला होता. ढिगाला टेकलेला हात थरथरत होता, आणि तोंड मेलेल्या माणसाला शोभेल इतकं पांढरं पडलं होतं.

पुस्तकाच्या सातव्या धड्यात विंचवाच्या दंशाची लक्षणं होती: घाम, कंप, हातपाय गार. मेलेल्याला घाम येतो असं कुठंच नव्हतं. त्यानं महादेवरावांचा हात धरला. गार होता.

"देवीदास, स्ट्रेचर इकडं आण. पाटलाले उचल."

देवीदास दोन पांढऱ्या चिठ्ठ्यांमधे उभा होता. त्यानं महादेवरावांच्या छातीकडं पाहिलं. "काळी आहे ते."

"त्यायले खरंच इच्चू चावला."

"काळी शेवटी. तूच शिकवलं." देवीदासनं डोळ्यानंच भगवंतरावांकडं खूण केली आणि आवाज खाली आणला. "आमची परीक्षा घेऊन राहिला ना? आमी नाही फसत."

बाकीच्या अकरांनीही समजूतदारपणे माना डोलावल्या. इतकी पक्की तयारी झालेली तुकडी अख्ख्या जिल्ह्यात नसेल. धर्मपालला आपल्याच शिकवणीचा असा राग कधी आला नव्हता. आता दोनच वाटा होत्या. एक, पांढऱ्या संपेपर्यंत थांबायचं. शेरा आणि नोकरी दोन्ही शाबूत. दुसरी, लाल चिठ्ठी आणायची. तो पळतच शाळेत शिरला.

वामनराव बाकावर बसून बशीतून चहा पीत होते. दोन्ही पाय गेलेले असूनही त्यांनी एक पाय दुसऱ्यावर टाकला होता.

"सरपंच, लाल द्या. महादेवरावले इच्चू चावला."

"असा इच्चू त्याले आठ दिवसांपासून चावून राहिला," वामनराव म्हणाले. "माई चिठ्ठी पाह्यजे ना त्याले? सांग, नाही भेटत."

धर्मपालचं डोकं बंद पडलं होतं, म्हणून तोंडातून जे आलं ते आलं. "मंग तुमी त्यायची काळी घ्या."

वामनरावांची बशी थांबली. काळी वरची, हे महादेवरावांनी गावभर सांगून ठेवलं होतं. "सोडतो म्हणते तो?"

"हो."

वामनरावांनी स्वतःच्या हातानं टाचणी काढली.

काळी वामनरावांकडं गेली, लाल चिठ्ठी महादेवरावांच्या छातीवर लागली आणि पोरं वीज पडल्यासारखी धावली. देवीदास आणि धर्मपालनं महादेवरावांना उचललं, जखमींसाठी म्हणून जुंपून ठेवलेल्या दमणीत घातलं, आणि बैलं तेल्हाऱ्याच्या रस्त्याला लागली. धर्मपाल दमणीत बसला. महादेवरावांचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. प्रात्यक्षिक बंद झाल्याची शिट्टी मारायची राहिली, म्हणून वामनराव संध्याकाळपर्यंत शाळेत मेलेले होते.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. तिसऱ्या प्रहरी महादेवरावांचा हात गरम झाला. धर्मपाल परत आला तेव्हा भगवंतराव वही उघडी ठेवून वाट पाहत होते.

"यादीतला मृत कुठं आहे?"

"तेल्हाऱ्याच्या दवाखान्यात, साहेब."

"मृताला दवाखान्यात का नेलं?"

"त्यांना बरं वाटत नव्हतं."

भगवंतरावांनी पेन्सिल खाली ठेवली, पुन्हा उचलली. "आणि शाळेत काळी चिठ्ठी लावून चहा पिणारा कोण?"

"सरपंच. ते आधी गंभीर होते."

भगवंतरावांनी फौजेत दोन लढाया पाहिल्या होत्या, पण असं काही पाहिलं नव्हतं. तरी माणूस वाचला हे त्यांना दिसत होतं. त्यांनी 'समाधानकारक' लिहिलं आणि रात्र व्हायच्या आत मोटार पकडली.

पंधरा दिवसांनी अकोल्याहून पत्र आलं. यादीप्रमाणे श्री. महादेवराव मृत आहेत, दवाखान्याच्या नोंदीप्रमाणे भरती आहेत. ते मृत असल्यास नोंद खोटी, हयात असल्यास यादी खोटी. मृतानं स्वतः लेखी खुलासा द्यावा, तोवर धर्मपाल बुधाजी यांची नेमणूक स्थगित.

धर्मपालनं पत्र चार वेळा वाचलं आणि खिशात घालून बसून राहिला. महादेवरावांकडं जायला पाय उचलेना. खुलासा म्हणजे काय, तर काळी चिठ्ठी आपली नव्हतीच, असं त्यांनी सही करून द्यायचं. आणि वामनरावांनी तर ती काळी चिठ्ठी पंचायतीत काचेखाली लावली होती.

महादेवरावांना ते कुठून कळलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी ते काठी टेकत बुधाजीच्या दारात उभे राहिले. बुधाजी खाटेवरून उठला आणि काय करावं ते न सुचून पुन्हा बसला. महादेवराव त्याच्या शेजारी बसले. खाट करकरली.

"कागद आण," ते धर्मपालला म्हणाले. "लिही. मी मेलो नोयतो."

धर्मपालनं लिहिलं.

"मले मुळात पांढरी चिठ्ठी होती." ते थांबले. जाईबाई दारात उभी होती, गल्लीतली चार माणसं कुडापलीकडं जमली होती. "काळी म्या मानापायी मागून घेतली. यात पोराची चूक नाही."

"पाटील, गंभीर लिहू काय? गंभीरच होतं."

"गंभीर तं वामन होता यादीत. लाल दोन झाल्या तं पुन्हा पत्र येईल." महादेवरावांनी कुडाकडं पाठ केली. "किरकोळ लिही. हाताले खरचटलं."

त्यांनी सही केली. सही चुकल्यासारखी आली, म्हणून त्यांनी खाली दुसरी करून दिली. मग त्यांनी जाईबाईकडं पाणी मागितलं. तिनं तांब्या आणला आणि तो खाली ठेवावा की हातात द्यावा, या विचारात उभी राहिली. महादेवरावांनी हात पुढं केला, तांब्या घेतला आणि सगळा संपवला.

"अकोल्याले कवा चालला?" उठताना त्यांनी विचारलं.

"ऑर्डर आली की."

"पऱ्हाट्यांत कोणाले निजवू नोको तिकडं." दारापाशी ते थबकले. "अन् हा कागद वामनले दाखवू नोको."

कुडापलीकडच्या चार माणसांतला एक पंचायतीच्या वाटेला लागला होता. महादेवरावांनी त्याला पाहिलं, थांबवायला काठी उचलली, आणि मग तीच टेकत घराकडं निघाले.