मागचे चार स्क्रू

शनिवार, १४ मार्च. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. वाद्यांच्या दुकानातील काउंटरवर आमच्या ऐपतीत बसणारे तीन अँप्लिफायर मांडलेले होते आणि त्यांपैकी एक खोटा होता. तो खोटा आहे हे मला कळायला अकरा मिनिटे लागली. विकणाऱ्याला ते आधीपासून ठाऊक होते.

आम्ही आलो होतो माझ्या धाकट्या बहिणीसाठी. वय वर्षे बासष्ट. शाळेतील नोकरी संपल्यावर, पंचेचाळीस वर्षांनी, तिने गिटार पुन्हा हातात घेतली होती. क्लासमधून उसना आणलेला साठ वॅटचा अँप्लिफायर तिने घरी दोनदा लावला आणि दोन्ही वेळा खालच्या मजल्यावरची परिचारिका जिना चढून वर आली. त्या बाईंना कायम रात्रपाळी. त्या दिवसा झोपतात. चूक त्यांची नव्हती. घरमालकाने मात्र उंबऱ्यातूनच निकाल दिला होता: "आता तिसरी तक्रार आली, की ते खोकं तरी घराबाहेर जाईल, नाहीतर तुम्ही तरी."

बहिणीला आवाज हवा होता तो व्हॉल्व्हचा. जुन्या रेडिओत तापून लाल होणारी काचेची नळी म्हणजे व्हॉल्व्ह. हल्लीची मंडळी तिला ट्यूब म्हणतात. तिला पुरेसे राबवल्याशिवाय तिचा आवाज खुलत नाही. म्हणून घरासाठी मोठा अँप्लिफायर घेऊन तो दबकत वाजवण्यात अर्थ नसतो. लहानच घ्यावा आणि मोकळा सोडावा. हे सर्व मी टाय लावलेल्या विक्रेत्याला क्रमाने समजावून सांगितले आणि एक वॅट पुरेल, असेही सांगितले.

"एक वॅट?" तो हसला. "काका, एक वॅटनं डाससुद्धा उठायचा नाही. हा पंधराचा घ्या. पंधरापट मजा!"

"पंधरापट नव्हे. कानाला जेमतेम दुपटीहून थोडं जास्त."

"काका मास्तर होते वाटतं?" त्याने बहिणीला विचारले.

"अजून आहे," ती म्हणाली. "वर्ग रिकामा झालाय, एवढंच."

मग त्याने मधला अँप्लिफायर पुढे सरकवला. काळा, देखणा, समोर जाळी आणि जाळीमागे नारिंगी उजळलेली नळी. "ही बघा, अस्सल ट्यूब. कशी पेटलीये! मावशी, असला ऊबदार आवाज दुसरीकडे मिळाला, तर नाव बदलीन."

बटण मीच दाबले होते आणि नळी त्याच क्षणी उजळली होती. खरा व्हॉल्व्ह असा उजळत नाही. त्याची तार तापायला वेळ घेते. मी घड्याळ पाहिले, बहिणीला वाजवू दिले आणि अकरा मिनिटांनी जाळीच्या फटीतून बोट आत घालून काचेला लावले. काच थंडगार होती. बटण बंद केले. चुलीतला निखारा सावकाश काळवंडतो, तशी व्हॉल्व्हची तार विझते. इथला उजेड जिन्यातल्या दिव्यासारखा पटकन गेला.

"झाकण उघडा," मी म्हणालो.

"वॉरंटी जाते, काका."

"मागे चार स्क्रू आहेत. पेचकस माझ्याकडे आहे."

"अहो, असं कसं उघडणार? नवा माल आहे!"

मी खिशातला टॉर्च काढून मागच्या झरोक्यातून प्रकाश टाकला. नळीच्या बुडाशी तांदळाएवढा नारिंगी दिवा बसवलेला होता. नळीला एकही तार जोडलेली नव्हती. माझे रक्त उसळले. चाळीस वर्षे मी मुलांना शिकवले ते हेच, की यंत्र खोटे बोलत नाही. आणि इथे यंत्रालाच खोटे बोलायला शिकवले होते.

"ही नळी शोभेची आहे!" मी इतक्या मोठ्याने बोललो, की पलीकडे पेटी पाहणारे गिऱ्हाईक थबकले. "बाहेरून एक, आतून सगळे ट्रान्झिस्टर! खोकं एकाचं आणि आतडी दुसऱ्याची! दिवसाढवळ्या लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकता? लाज नाही वाटत?"

विक्रेत्याचा चेहरा उतरला. पण जीभ जागेवर होती. "काका, ओरडू नका. मीटरवर तपासून आलेला माल आहे, आवाज तोच भरतो. आणि थोडाफार फरक असलाच, तर कानाला सवय होते."

मी तोंड उघडले, पण त्याआधी बहीण हसली. ते हसणे चांगले नव्हते.

"दादा," ती म्हणाली, "हे वाक्य तुझं आहे."

"माझं?"

"शब्दन् शब्द. मी सतरा वर्षांची होते. शिकवण्या करून घेतलेला माझा अँप. तुझं कॉलेजचं शेवटचं वर्ष, तुला प्रकल्प हवा होता. मी मामाकडे गेले होते, तेव्हा तू मागचे चार स्क्रू काढलेस."

मला आठवत होते. मला ते नेहमीच आठवत होते, पण एक यश म्हणून. व्हॉल्व्ह काढून मी आत ट्रान्झिस्टरचे सर्किट बसवले, वीज निम्म्याहून कमी लागू लागली आणि परीक्षकांनी शंभरपैकी एक्क्याण्णव गुण दिले.

"मी परत आले, वाजवला आणि म्हणाले, आवाज मेलाय. तू मीटर दाखवलंस. म्हणालास, आवाज तोच आहे, कानाला सवय होईल." तिच्या हातातली गिटारची वायर ताणली गेली होती. "नाही झाली सवय. म्हणून सोडली मी गिटार. तुम्हा सगळ्यांना वाटलं, लग्नामुळे सोडली."

"तेव्हा का नाही बोललीस?"

"बोलले की! तू आलेख काढून दाखवलास! माझ्या व्हॉल्व्हचं काय केलंस, ते तरी सांग आज."

"प्रयोगशाळेत जमा केले," मी म्हणालो. "पोचपावती होती."

"पोचपावती!" तिने ती वायर काउंटरवर आपटली. "ऐका हो, याच्याकडे पोचपावती होती! तुम्ही याच्या पासंगालाही पुरणार नाही."

विक्रेता खाली बघू लागला. मीही. रागाने माझे कान तापले होते, पण तो राग ठेवायला समोर आता माणूस उरला नव्हता.

"आता तू बोलायचं नाहीस," ती म्हणाली. "ते आवाज मोजायचं मीटर पिशवीत टाक. भिंतीकडे तोंड कर. मी ऐकते."

मी भिंतीकडे तोंड केले. सहासष्टाव्या वर्षी, भर दुकानात. माझ्या पाठीमागे ती एकेक अँप्लिफायर वाजवत गेली. मधला सोडून उरलेले दोन, मग खालच्या फळीवरचे आणखी दोन. शेवटी तिने एक सूर धरला, बोट जरा दाबले आणि तो सूर कडेला किंचित फाटला, खऱ्या गळ्यासारखा. ती पुन्हा पुन्हा तोच सूर वाजवू लागली.

वळून पाहिले तर खालच्या फळीवरचे ते करडे, ओबडधोबड खोके. एक वॅटचे; मागच्या खटक्याने दशांश वॅटवर येणारे. त्यात बारीक गुणगुण होती. कागदावर मी त्याला सर्वांत शेवटचा क्रमांक दिला असता. गुणगुणीबद्दल बोलायला मी तोंड उघडले आणि मिटले.

त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला, परिचारिकाबाई उठल्यावर, मी मीटर घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. वर बहीण दशांश वॅटवर वाजवत होती.

"तुम्ही पुन्हा?" त्या करवादल्या. "काका, मी माणूस आहे हो, घुबड नाही. किती सहन करू?"

"शेवटचं. फक्त ऐका, सिस्टर."

त्या पलंगाच्या उशाशी छताकडे बघत उभ्या राहिल्या. दोन मिनिटे गेली. "ही धप धप कसली?"

आम्ही दोघेही कान लावून राहिलो. तो गिटारचा आवाज नव्हता. बहीण पायाने ठेका धरत होती.

"गिटार नाही येत ऐकू," त्या म्हणाल्या. "पाय येतोय. त्यांना म्हणावं, पायाखाली गादी घ्या. आणि मला चहा करू द्या."

मी वर गेलो, तिच्या पायाखाली दुहेरी गोधडी घातली आणि पुन्हा खाली येऊन आकडा घेतला. तो तिला सांगितला, तेव्हा तिने मान हलवली, पण वाजवणे थांबवले नाही. तिने मला अजून माफ केलेले नाही. त्या अँप्लिफायरच्या मागच्या चार स्क्रूंना मी आयुष्यात हात लावायचा नाही, ही तिची अट आहे आणि ती मी कागदावर सही करून दिली आहे.

परिचारिकेच्या उशाशी, गिटार बंद असताना: छत्तीस डेसिबल. गिटार चालू असताना: छत्तीस.