वहिनींची कडी

पाच जणांच्या कमरपट्ट्यांना दोन-दोन हिसके देऊन झाले, तरी मुकादमबाईच्या पोटात सकाळच्या चहाखेरीज काही नव्हतं.

दोरावर लटकून उंच इमारतींच्या काचा पुसणारी तिची टोळी. गच्चीवरून उतरण्याआधी ती प्रत्येकाच्या पट्ट्याची दोरात अडकवलेली लोखंडी कडी ओढून बघायची आणि विचारायची, "कडी?" समोरच्यानं "बसली!" म्हटल्याशिवाय कुणाचा पाय कठड्यापलीकडे जायचा नाही. तिचा नवरा याच कामात पडला होता. आपल्या डोळ्यांदेखत आता दुसरं कुणी पडायचं नाही, असं तिनं देवापुढे हात जोडून ठरवलं होतं. सात वर्षं देवानं ते राखलंही होतं.

तिची स्वतःची कडी कोण बघतं, हे मात्र कुणी कधी विचारलं नव्हतं. तिनंही नाही.

चौघे इमारतीच्या पलीकडच्या अंगाला उतरले. शेवटी राहिला धाकटा दीर.

"वहिनी, डबा उघडा आता. कालचाही तसाच परत नेलात. आई माझ्यावर डाफरते."

"तुमची आई स्वतः रात्रभर खोकते, ते नाही सांगत वाटतं? उतरा भावजी. सगळे खाली टेकले की खाते."

"त्या डब्यावर तरी दया करा!" म्हणत तो उतरला.

दोन मजले खाली गेला आणि वारा उठला. दोर कठड्याच्या पत्र्याच्या धारेवर घासू नये म्हणून त्याच्यावर चढवलेली रबरी नळी सरकली. चरचर ऐकून मुकादमबाई धावली. दोराचे धागे पिंजायला लागले होते.

"भावजी, हलू नका!"

नळी कठड्याबाहेर घसरली होती. वाकून हात पुरेना. तिनं एक पाय पलीकडे टाकला, दुसरा उचलला. डोळ्यांपुढे अंधारी आली.

"वहिनी! कडी?"

"माझं राहू द्या! तुमचा दोर तुटतोय!"

"तुटू दे! तुमची कडी मोकळी लोंबतेय, मला खालून दिसतेय." त्याचा आवाज फाटला. "दादाची मी बघितली नव्हती वहिनी. आधी ती लावा!"

तिनं खाली पाहिलं. कमरेची कडी वाऱ्यावर हेलकावे खात होती.

पाय मागे घेऊन ती गच्चीवरच्या लोखंडी खांबाकडे वळली. तिथल्या दोरात कडी अडकवायची, एवढंच काम. पण कडीचं तोंड उघडेना. एकदा. दोनदा. मागे चरचर चाललेलीच. तिसऱ्यांदा खट् झालं.

"बसली!" ती किंचाळली, कठड्याबाहेर झुकली आणि नळी ओढून धारेवर आणली. चरचर थांबली.

तो सावकाश खाली उतरला, लिफ्टनं वर आला आणि डबा उघडून तिच्यापुढे ठेवला.

"चौघं अजून लटकलेत," ती पुटपुटली.

"मी उभा आहे ना. घास घ्या."

राखायला दिलेल्या माणसांत देवानं आपल्यालाही मोजलं असेल, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. पहिला घास घशाखाली उतरताना डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी ती रांगेत सगळ्यात पुढे उभी राहिली. दिरानं कडीला दोन हिसके दिले.

"हळू की! पाडताय का?"

"आधी उत्तर. कडी?"

"बसली," ती म्हणाली. "आणि जेवलेही आहे, विचारायच्या आत सांगते."