पिवळ्या बिल्ल्याचा नेम

मी शेळी बोलतेय. आणि साधीसुधी नाही बरं का, पीएचडीची शेळी! माझ्या कानात पिवळा बिल्ला आहे, त्यावर सात हा आकडा आहे, आणि एका जाडजूड प्रबंधात माझं वजन चक्क छापून आलंय. एखाद्या बाईचं वजन न विचारता असं छापलं असतं तर केवढा गहजब झाला असता. शेळीला कोण विचारतो?

निफाडच्या अलीकडे, द्राक्षबागांच्या मधोमध असलेल्या एका गावात, कलाबाईंच्या गोठ्यात माझा जन्म झाला. आम्ही दोघं जुळी. आईच्या आचळाला लागताना मी भावाला अशी ढुशी मारायचे की तो बिचारा कोलमडायचा. ते बघून कलाबाईंनी माझं नाव भवानी ठेवलं. कलाबाईंचा मुलगा जीवन सातपूरच्या कारखान्यात शिफ्टला जातो. त्यामुळे घरात दिवसभर कलाबाई आणि आम्ही बारा शेळ्या. बोलायला दुसरं कुणी नसल्याने त्या आमच्याशीच बोलत आणि आम्ही ऐकून घेत असू.

मी चाऱ्याला लागले त्या सुमारास निकिता आली. नाशिकजवळच्या फुलशेतीवाल्या घरातली मुलगी, स्कूटीवरून आली आणि येताना लटकता वजनकाटा घेऊन आली. तिच्या पीएचडीचा विषय असा होता: वाइन करताना द्राक्षं पिळून झाली की सालांचा आणि बियांचा चोथा उरतो. तो वाळवून शेळ्यांना घातला तर त्यांचं वजन वाढतं का? चोथ्याने नशा चढत नाही, हे मी अनुभवाने सांगते. मात्र आंबटगोड असा लागतो की आमच्या गोठ्यात त्याच्यापुढे लसूणघासाला कुणी विचारेना.

निकिताने चिठ्ठ्या टाकून आमचे दोन गट केले. निळ्या बिल्ल्याच्या सहा जणींना चाऱ्यासोबत रोज चोथा. पिवळ्या बिल्ल्याच्या सहा जणींना नुसता चारा. या दुसऱ्या गटाला म्हणे कंट्रोल म्हणतात. दुसऱ्यांनी खायचं आणि आपण बघत बसायचं, एवढंच त्याचं काम. माझी चिठ्ठी कुठली निघाली असेल ते सांगायला नकोच.

"मावशी, चोथा फक्त निळ्यांना हं," निकिताने कलाबाईंना चारदा बजावलं.

"हो ग पोरी. तू बिनघोर जाय," कलाबाई म्हणाल्या.

ती बिनघोर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी कलाबाईंनी सहा जणींचा चोथा मोजून घेतला आणि सगळ्या बारा घमेल्यांत सारखा वाटला. पोतं ठरल्या वेळी संपायचं, त्यामुळे निकिताला शंका यायचं कारणच नव्हतं. ती दर शनिवारी यायची, आम्हाला एकेकीला झोळीत घालून काट्याला टांगायची. मी झोळीत पाय झाडायचे, काट्याचा आकडा नाचायचा आणि ती "भवानी, गप ना ग बाई" म्हणून विनवायची. तिची विनवणी ऐकायला गोड वाटायची म्हणून मी आणखी झाडायचे.

उन्हाळा सरता सरता निकिताचे गाईड शेखरसर आले. उंटावरून शेळ्या हाकणे ही म्हण आमच्या जातीला फार पूर्वीपासून माहीत आहे, पण असा उंटावरचा माणूस मी प्रथमच जवळून पाहिला. त्यांनी नाकाला रुमाल लावला, आमच्यापासून चार हात लांब खुर्ची टाकली आणि निकिताचे आकडे बघितले.

"निळ्या आणि पिवळ्यांत काहीच फरक नाही. असा प्रबंध कोण पास करेल?"

निकिताचा चेहरा उतरला. तिची ही शेवटची मुदतवाढ होती. मार्गशीर्षापर्यंत प्रबंध दिला नाही तर नोंदणीच रद्द होणार होती. तासिकेवर शिकवत, लग्नाची स्थळं परतवत काढलेली तिची सगळी वर्षं पाण्यात जाणार होती.

सर आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, निळ्यांचे आकडे जरा वर सरकव. शेळ्या काही व्हायव्हाला येऊन बसणार नाहीत."

मला ते लागलं. बोलावलं असतं तर मी गेलेही असते. तेवढ्यात कलाबाई चोथ्याचं टोपलं घेऊन आल्या आणि पाहुण्यांसमोर ऐटीत, एकीकडून दुसरीकडे, बारा घमेल्यांत ओंजळ ओंजळ टाकत गेल्या.

"मावशी! पिवळ्यांना पण?" निकिता किंचाळलीच.

"मग?" कलाबाई म्हणाल्या. "एका दावणीला बांधायचं, एकीच्या पुढ्यात वाढायचं आन दुसरीनं काय तोंडाकडं बघायचं? पंगतीत असा दुजाभाव करत नाय आमच्यात. पाप लागतं."

सरांनी कपाळाला हात लावला. निकिता खाली ओट्यावर बसली आणि आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. माणसांचं असं काही झालं की आम्ही शेळ्या रवंथ करतो. तेवढंच बरं दिसतं.

"आता तर आकडे बदलण्याशिवाय इलाज नाही," सर म्हणाले.

"नाही सर. मी पुन्हा करते," निकिता डोळे पुसत म्हणाली.

ते ऐकून मला या पोरीबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. आदर तिथेच संपला, कारण महिनाभर साधा चारा घालून आमची पोटं कोरी केल्यावर तिने पुन्हा चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या कानाला पुन्हा पिवळाच बिल्ला आला. शेळीचं नशीबही तिच्या शेपटासारखंच असतं, माशा हाकायला पुरत नाही आणि अब्रू झाकायलाही पुरत नाही.

पण खरी अडचण कलाबाईंची होती. त्यांनी मनापासून प्रयत्न केला. पहिल्या दिवशी फक्त निळ्यांना वाढलं, आमच्यापुढून तोंड फिरवून गेल्या, मग दारापर्यंत जाऊन परत आल्या आणि आम्हाला पाच ओंजळी जास्तच टाकल्या. फोनवर निकिताला सगळं खरं सांगून टाकलं. "पोरी, हात ऐकत नाय माझा. तू दुसऱ्या कुणाचा गोठा बघ."

दुसरा गोठा शोधायला वेळ कुठे होता? निकिता त्याच दुपारी आली. दोन दिवसांवर आषाढी एकादशी होती. कलाबाई तिला सांगत होत्या की शेजारच्या सुवर्णाने या चातुर्मासात वांगं सोडायचं ठरवलंय. निकिताने मान वर केली.

"मावशी, पंगतीत कुणाचा नेम असेल तर त्याला तो पदार्थ वाढतात का हो?"

"छ्या! वाढणाऱ्याला दोष लागतो."

"मग ऐका. या पिवळ्या सहा जणींनी नेम धरलाय. वणीच्या देवीचा. कार्तिकीपर्यंत चोथा वर्ज्य."

मी जोरात ओरडले. असा कुठलाही नेम मी धरला नव्हता! पण मुक्या जनावराच्या ओरडण्याचा अर्थ ज्याला जो हवा तो लावतो. कलाबाईंनी क्षणभर निकिताकडे रोखून बघितलं, मग आत जाऊन हळदीकुंकू आणलं आणि आम्हा सहा जणींच्या कपाळाला लावलं.

त्यानंतरच्या चार महिन्यांचं काय सांगू! एवढा कडक पहारा बँकेच्या तिजोरीवरही नसेल. मी शेजारच्या निळ्या चार नंबरच्या घमेल्यात नुसती मान वळवली तरी कलाबाई काठी आपटायच्या, "भवाने, देवीचा नेम मोडू राहिली?" एकदा जीवनने कामावरून येताच लाडाने मला मूठभर चोथा दाखवला, तर त्याला स्वयंपाकघरात नेऊन असं झाडलं की तो आठवडाभर गोठ्याकडे फिरकला नाही. निळ्या बिल्ल्याच्या बाया मात्र माझ्याकडे बघून मुद्दाम सावकाश चावायच्या. एकीची तर मी नंतर शिंगाने चांगलीच विचारपूस केली.

कार्तिकी झाली, शेवटचं वजन झालं आणि फरक दिसला. फार मोठा नाही, पण स्वच्छ, कुणीही बघावा असा. निळ्या जणी भरल्या होत्या. आकडा कुठे सरकवावा लागला नाही. मार्गशीर्षात प्रबंध गेला. पुढे परीक्षकांनी विचारलं की कंट्रोल गट इतका काटेकोर कसा राखला, तेव्हा निकिता म्हणे एवढंच म्हणाली, "गोठ्याच्या मालकीण फार शिस्तीच्या आहेत."

निकाल लागल्यावर ती पेढे घेऊन आली, पण चेहरा अपराध्यासारखा होता. कलाबाईंच्या पाया पडली आणि उठेचना.

"मावशी, मी खोटं बोलले तुमच्याशी. देवीचं नाव घेऊन. शेळ्यांनी कसला नेम धरलाय?"

"ते काय मला कळत नव्हतं व्हय?" कलाबाई हसून म्हणाल्या. "शेळ्या कुठं नेम धरत्यात? पण देवीचं नाव निघालं, मंग कुणीतरी धराया पाहिजे ना. मी धरला."

"काय धरला?"

जीवन ओट्यावरून ओरडला, "अहो मॅडम, आईनं आषाढापासून चहा सोडलाय! कार्तिकी झाली तरी घेईना. म्हणे पोरीचा निकाल लागू दे. सकाळी घरात कुणाची बोलायची टाप नाय."

कलाबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "ह्या सहा जणी तोंडाकडं बघत राहणार आन मी निवांत घोट घेणार? माझ्या घशाखाली गेला असता का? आन तुझं तेवढं काम झालं पाहिजे, असं बी वाटलं."

निकिता कलाबाईंच्या गळ्यात पडली. मी चार महिने ज्या बाईला मनातल्या मनात शिव्या घातल्या, ती बाई आमच्याच पंगतीत उपाशी बसली होती. मला भरून आलं, हे कबूल करायला मी लाजत नाही. मात्र त्या भरात मी पेढ्यांचा पुडा अर्धा खाल्ला आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आता मी दोन करडांची आई आहे. बिल्ला अजून कानात आहे. प्रबंधात निळ्यांचं वजन आहे, पिवळ्यांचं वजन आहे, शेखरसरांचे आभार तर पहिल्याच पानावर आहेत. कलाबाईंच्या चहासाठी त्यात रकाना नाही. संशोधक मंडळींनो, तुम्ही खुशाल आम्हाला तोला, मोजा, छापा. फक्त कुणाला कंट्रोलमध्ये बसवाल, तेव्हा त्याच्या शेजारी कोण न सांगता येऊन बसलंय, तेवढं जरा बघत जा.

पेढे आले त्याच दिवशी नेमाचं उद्यापन झालं. कलाबाईंनी आम्हा सहा जणींना आधी वाढलं, घमेली शिगोशीग भरून. निकिताने स्वतःच्या हाताने चहा केला आणि कप त्यांच्या हातात दिला. आम्ही सगळ्या चावायच्या थांबून बघत होतो. कलाबाईंनी डोळे मिटून पहिला घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला आणि गिळून म्हणाल्या, "डॉक्टरीण झालीस पोरी, पण चहा काय तुला येत नाय. जाय, साखर आण."